कवळी अर्जंट

"मी जातो की," असं कमलाकांत राऊत म्हणाले, तेव्हा त्यांच्या तोंडात पोह्यांचा घास होता. तो नसता तर पुढे लगेच "पण" आलं असतं आणि सगळंच निभावून गेलं असतं.

त्या दिवशी दुसरा शनिवार होता. सरकारी कचेरीतल्या कारकुनाने दुसऱ्या शनिवारी काय करावं याबद्दल कमलाकांतांच्या कल्पना स्पष्ट होत्या, आणि त्यातली एकही उभ्याने करायची नव्हती. पण सकाळीच एकनाथ आला. एकनाथ म्हणजे त्यांच्या बायकोचा, वत्सलाचा धाकटा भाऊ. त्याने बोईसर स्टेशनजवळ नुकतंच कुरियरचं ऑफिस उघडलं होतं. (तेव्हा कुरियर हा शब्द इतका नवा होता की लोक पोस्टाची पाकिटंही एकनाथकडेच आणून टाकत.) ऑफिसात माणसं दोनच. एकनाथ फोनवर बसे आणि झिपरू सायकलवर. त्या झिपरूचा पाय मुरगळला होता.

कमलाकांतांचा हिशेब असा, की आपण म्हणायचं "मी जातो", वत्सला म्हणणार "या वयात?", मग आपण थोडं ताणायचं आणि शेवटी मोठ्या मनाने ऐकायचं. त्यांच्या संसारातली बरीचशी शौर्याची कामं अशीच पार पडली होती. पण वत्सलाने त्यांच्या बशीत आणखी थोडे पोहे वाढले आणि म्हणाली, "जा. पोट तरी उतरेल."

पार्सलं दोनच होती. एक एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्याचं. हा कारखाना म्हणजे एकनाथचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. दुसरं नवापूरच्या येसूबाईंचं.

"भावोजी, हे दुसरं अर्जंट आहे," एकनाथने बजावलं. "म्हातारीची कवळी आहे, मुंबईहून आलीय. आज तिच्या नातीची हळद."

नवापूरच्या कोळीवाड्यात हळदीची गाणी येसूबाईंशिवाय सुरू होत नसत. त्या ओळ म्हणणार आणि बाकीच्या बाया ती उचलणार. पण ऐन लग्नसराईत त्यांची कवळी फुटली. मुंबईला असलेल्या मुलाने नवी करून घेतली; तो स्वतः उद्या लग्नाला येणार होता, पण गाणी आज होती. म्हणून कवळी पुढे पाठवली होती.

कमलाकांत निघाले. लहानपणी शिकलेली सायकल माणूस विसरत नाही म्हणतात, ते खरं आहे. पण थांबायचं कसं ते विसरतो. एमआयडीसीच्या वळणावर समोरून टँकर आला आणि कमलाकांत सायकलसकट गटारात थांबले. त्यांना लागलं नाही, पण पार्सलं भिजली आणि दोन्हींवरच्या पत्त्याच्या चिठ्ठ्या सुटून पाण्यावर तरंगू लागल्या.

दुसरा कोणी असता तर त्याने एकनाथला फोन केला असता. पण एकनाथला कळलं की वत्सलाला कळणार, म्हणून कमलाकांतांनी डोकं चालवलं. दोन्ही खोकी हातात घेऊन तोलली. एक जड होतं, एक हलकं. दात ते किती जड असणार? त्यांनी जड खोक्यावर कारखान्याची चिठ्ठी चिकटवली, हलक्यावर येसूबाईंची, आणि स्वतःवर खूश होऊन जड खोकं कारखान्याच्या गेटवर दिलं.

नवापूरला पोचेपर्यंत शर्ट अंगाला चिकटला होता. पण मांडवात पोरांनी ओरडून बातमी दिली, "आयीचं दात आलं!" आणि बाया हातातली कामं टाकून धावल्या. आयुष्यात कमलाकांतांना पाहून कोणी इतकं हरखलं नव्हतं. सकाळपासून तोंडावर पदर धरून आतल्या खोलीत बसलेल्या येसूबाईंना नवरी स्वतः हात धरून बाहेर घेऊन आली. पुष्पलता तिचं नाव. तिने खोकं उघडलं.

आत एक काळं रबरी कडं होतं.

बायांनी आधी कड्याकडे, मग कमलाकांतांकडे पाहिलं. येसूबाईंनी मात्र कडं हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. मुलाने मुंबईहून पाठवलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच पाठवलं असणार, असा विश्वास त्यांच्या चेहऱ्यावर होता. "नवीन तऱ्हा हाय काय?" असं पुटपुटत त्यांनी ते पाण्यात बुचकळलं, पदराने पुसलं आणि कोणी काही म्हणायच्या आत हिरड्यांवर बसवून पाहिलं.

"बसत नाय गो," त्या नातीला म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. कमलाकांतांनी खाली मान घालून सगळं सांगितलं, गटार, चिठ्ठ्या, वजन, कारखान्याच्या यंत्राचं हे कडं, सगळं. नवरीचा बाप काही बोलायला पुढे झाला, पण येसूबाईंनी हाताने त्याला थांबवलं.

"बाबू, उनाचा आलास," त्या म्हणाल्या. शब्दांपेक्षा वाराच जास्त होता, पण कळलं. "आदी पानी पी."

कमलाकांतांनी तांब्याभर पाणी पिऊन टाकलं. रिकामा तांब्या ठेवून ते उठले, कडं खिशात घातलं आणि हळदीच्या आत परत येतो म्हणून सांगितलं. हे वाक्य मात्र त्यांनी "पण" मनात न ठेवता म्हटलं होतं.

गेटवर पाळी बदलली होती. नव्या वॉचमनने हसत हसत हकीकत सांगितली. खरेदी खात्याच्या साहेबांनी पाहुण्यांसमोर पार्सल उघडलं. आत पेढ्यांचा भला मोठा डबा, आणि डब्यावर दात. (पेढे मुलाने आईसाठी ठेवले होते, वजन त्यांचं होतं.) साहेब भडकले होते आणि कुरियरवाला दिसला तर त्याला वर आणा, असा हुकूम होता.

एकनाथचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कमलाकांतांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. आपण कुरियरवाले आहोत हे सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांनी ओठ आत ओढले, हिरड्यांनी बोलल्यासारखं म्हटलं, "दाँत मेरा है, भैया. ये तुम्हारा माल मेरे घर आ गया," आणि रबरी कडं पुढे केलं.

वॉचमनचा चेहरा एकदम मऊ झाला. त्याने दात डबीत घालून आणून दिले, खुर्ची दिली, स्वतःच्या डब्यातलं केळं सोलून हातावर ठेवलं. "खाओ, दादाजी. नरम है." कमलाकांतांनी वयाची पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती, पण त्यांनी ते केळं दात न लावता, गालात घोळवून घोळवून संपवलं. दात आत्ताच लावून पाहा, असाही आग्रह झाला. घरी जाऊन धुऊन लावतो, असं सांगून ते निसटले. पेढ्यांची चौकशी त्यांनी केली. ते पाहुण्यांनी संपवले होते.

ऊन उतरत असताना ते पुन्हा मांडवात शिरले. या खेपेला डबी येसूबाईंनी स्वतः उघडली. आत गेल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांनी पदर डोक्यावर घेतला होता, तोंडावर नव्हता. पुष्पलताला पाटावर बसवलं. तिच्या कपाळाला हळद लावताना म्हातारीचा आवाज लागला तो असा, की मागच्या गल्लीत जाळी विणत बसलेले पुरुषसुद्धा हातचं काम टाकून आले. दोनचार ओळी झाल्या आणि पुष्पलता रडायला लागली. कमलाकांतांना आपली लग्न होऊन गेलेली बहीण आठवली आणि त्यांनी घाम पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले.

मग चाल बदलली. बाया त्यांच्याकडे पाहून गाऊ लागल्या. सूर लांबवल्यामुळे शब्द नीट कळत नव्हते, पण "बोयसरचा बाबू" एवढं स्पष्ट ऐकू आलं. गाण्यात आपलं नाव! कमलाकांत संकोचले, मग प्रत्येक ओळीला मान डोलावू लागले, शेवटी टाळ्याही वाजवल्या. बायांना हसू आवरेना. तो त्यांना आनंद वाटला.

त्या दिवशी घरी पोचल्यावर वत्सलाने काही न विचारता कोमट तेल आणलं आणि त्यांच्या पोटऱ्या चोळल्या. त्यांनी सगळी कहाणी सांगितली. दात न लावता खाल्लेल्या केळ्याशी येईपर्यंत ती हसून हसून भिंतीला टेकली होती. येसूबाईंनी कडं लावून पाहिलं, हे मात्र त्यांनी शेवटी सांगितलं, आणि तिचं हसू थांबलं. "परत गेलात ते बरं केलंत," ती हळूच म्हणाली. ही संधी साधून कमलाकांतांनी आपल्यावर गाणं रचल्याचंही सांगितलं.

पुढच्या आठवड्यात दोघं बोईसरच्या मासळीबाजारात गेली. नवापूरच्या एका कोळिणीने कमलाकांतांना ओळखलं, शेजारणीला कोपर मारलं, आणि दोघींनी सूर न लांबवता, अगदी स्वच्छ शब्दांत गाणं म्हटलं:

*बोयसरचा बाबू गो, सायकलवर आला,*
*आयीनं मागले दात, यानं टायर दिला.*
*बोयसरचा बाबू गो, घामानं धापा टाकी,*
*दात आनले गो, पेढे नाय ठेवले बाकी.*

बाजार हसला. (पेढ्यांचं लग्नाला आलेल्या मुलाकडून कळलं, तेव्हा ती ओळ जोडली गेली होती.) पेढे आपण खाल्ले नाहीत, हे कमलाकांत शपथेवर सांगू लागले, तसा तो आणखी हसला. कोळिणीने वाट्यावर मूठभर बोंबील वरून फुकट टाकले.

तेव्हापासून वत्सला मासळी आणायला स्वतः जात नाही. पिशवी नवऱ्याच्या हातात देते आणि सांगते, गाणं दोनदा म्हणायला लावा, मागच्या वेळी कोलंबी कमी पडली.