जोडव्याचं बोट

गोविंदकाकांच्या पाया पडायला वाकावं, तर गोविंदकाकाच आपल्या पायाशी बसलेले असतात.

ब्रह्मा घाटावरचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे घनपाठी ब्राह्मण, म्हणजे वेद सरळ, उलटा आणि गुंफून, सगळ्या प्रकारे तोंडपाठ. आणि ते गल्लीत उकिडवे बसून समोरच्याच्या पायाचा अंगठा दाबून बघतात. दूधवाला पहिल्यांदा किंचाळलाच होता, "गुरुजी, हमको पाप लगेगा!"

"पाप बाद में. पहले बताओ, दबाया तो पता चला?"

मी सोलापूरहून बँकेच्या बदलीवर बनारसला आलो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू झालो. पहिल्या दिवशी काकांनी नाव, गाव, गोत्र काही विचारलं नाही. "मोजे काढ," म्हणाले. मला वाटलं, सोवळ्यातला काही प्रकार असेल. काढले. त्यांनी दहाही बोटं पाहिली, बोटांच्या फटींत डोकावले आणि म्हणाले, "ठीक आहेस. वर जा." नळाला पाणी केव्हा येतं, हे मग काकूंनी सांगितलं.

चेहरे काकांच्या लक्षात राहत नाहीत. संकठा घाटावरचे जोशी म्हणजे "ते करंगळी वर चढलेले". माझे बँकेतले साहेब एकदा घरी येऊन गेले, ते "काळं नख". भाषेबद्दलही काकांची जुनी तक्रार आहे. हाताच्या बोटांना तर्जनी, मध्यमा, अनामिका अशी एकेक नावं. पायाला मात्र अंगठा आणि करंगळी दिली की संपलं, मधली तिघं बेवारस. "अरे, हाताच्या बिननावाच्या बोटालासुद्धा अनामिका असं नाव आहे!" त्यातल्या त्यात अंगठ्याशेजारच्याला ते जोडव्याचं बोट म्हणतात, आणि हे म्हणताना आवाज थोडा उतरतो.

लग्नं लावणं त्यांनी हल्ली सोडलंय, म्हणजे लोकांनी सोडवलंय. शेवटच्या लग्नात सप्तपदी चालू होती. तांदळाच्या चौथ्या राशीवर नवरीने अंगठा टेकवला आणि काकांनी मंत्र थांबवला. "नख आत वाढतंय. आधी डॉक्टर, मग पाचवं पाऊल." मुलाच्या मामांनी घाबरत विचारलं, "गुरुजी, काही दोष आहे का?"

"आहे. चपलेचा."

मी हे सगळं बँकेत रंगवून सांगायचो. एका सकाळी किल्ली द्यायला खाली गेलो आणि ते सांगणं बंद झालं. काकूंचा पाय काकांच्या मांडीवर होता. डाव्या पायाला चारच बोटं होती.

काकूंना शुगर आहे. पायांना दाबलेलं, खुपलेलं काही कळत नाही. चार वर्षांपूर्वी जोडव्याखाली जखम झाली आणि जोडव्यानेच ती झाकून ठेवली. दिसली तेव्हा डॉक्टरांनी बोटच काढलं. काका म्हणाले, "मी शेजारच्या खोलीत बसून एक स्वर इकडचा तिकडे होऊ देत नव्हतो रे. आणि भिंतीपलीकडे हिचं बोट चाललं होतं." माझ्याकडे बघायचं टाळून त्यांनी उजव्या पायाचं बोट दाबलं. "कळतंय?"

"नाही," काकू म्हणाल्या. रोज सकाळी हा प्रश्न होतो आणि रोज हेच उत्तर येतं.

गेल्या थंडीत उजव्या पायातल्या, उरलेल्या एका जोडव्याखाली लाल झालं. दोन दिवसांत चिघळलं. डॉक्टर म्हणाले, जोडवं आजच काढा, नाहीतर हेही बोट जाईल. काकू म्हणाल्या, "हे समोर धडधाकट बसलेत आणि मी जोडवं काढू? त्यापेक्षा बोट जाऊ दे."

काकांनी समजावलं, चिडले, एक वेळ जेवले नाहीत. "पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. डाव्याला एवढी ठेच लागली, उजव्याला अक्कल नको?"

"उजव्याला नवरा आहे," काकू म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाली चहा पीत होतो. काका देवघरातून आले आणि उभ्या उभ्या त्यांनी एक संस्कृत श्लोक म्हटला. मग अर्थ सांगितला. गंगातीरी राहणाऱ्या सवाष्णीने सत्तरीनंतर जोडवी देवीच्या पायाशी ठेवावीत, त्याने पतीचं आयुष्य वाढतं.

काकू मटार सोलत होत्या. "कुठे आहे हे?"

"पुराणात," काका म्हणाले. नेहमी लोकांच्या पायांकडे बघून बोलणारा हा माणूस त्या वेळी छताकडे बघत होता.

काकूंनी मटारची परात बाजूला ठेवली. "साबण आणा," म्हणाल्या.

संकठा देवीच्या पायाशी जोडवं ठेवून आम्ही तिघं परतलो. काका चार पावलं पुढे, "दगड आहे, शेण आहे," असं सांगत. मी काकूंना हळूच विचारलं, "काकू, असा श्लोक खरंच आहे?"

"माझे वडील पुराण सांगायचे. लहानपणापासून सगळं कानावरून गेलंय. असा श्लोक कुठेही नाही."

"मग?"

"अरे, भाजी खारट झाली तर हे खारटच म्हणतात. पन्नास वर्षांत माझं मन राखायलासुद्धा कधी खोटं बोलले नाहीत. शास्त्रातला काना-मात्रा म्हणजे तर ह्यांचा जीव. त्यांनी माझ्या एवढ्याशा बोटासाठी देवघरात बसून खोटं पुराण रचलं. आता मी काढू नको तर काय करू?"

मी शेणाकडे लक्ष दिलं.

घराच्या ओट्याशी काका थांबले. काकूंना बसवलं आणि भर गल्लीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतला. जखम बोटाच्या खालच्या अंगाला होती, वरच्या अंगाला जोडव्याच्या जागी पांढरा वळ होता. काकांनी त्या वळावर अंगठा ठेवून हलकेच दाबलं.

"कळतंय?"

काकू त्यांच्या टकलाकडे बघत होत्या.

"हो," म्हणाल्या, "कळतंय."