विमानातील खिळ्याबाबत

मामाने निवृत्त झाल्यावर घर घ्यायचे ठरवले आणि विमान घेतले. यात विसंगत काहीच नव्हते. फ्लॅट परवडत नव्हता, विमान परवडत होते. विमान कंपनीच्या कार्यशाळेत त्याने आयुष्यभर सीटची कव्हरे शिवली होती. तो आणि ते विमान एकाच महिन्यात सेवेतून मुक्त झाले. फरक इतकाच, की विमानाला कोणी नारळ-शाल दिली नाही आणि मामाला कोणी भंगारात काढले नाही.

मामीची घराकडून एकच अपेक्षा होती. तिला भिंतीत खिळा ठोकायचा होता. लग्न झाल्यापासून ती भाड्याच्या घरांत राहिली आणि प्रत्येक घरमालकाने किल्ली देतानाच बजावले, खिळे ठोकायचे नाहीत. त्यामुळे तिच्या आईवडिलांचा फोटो इतकी वर्षे ट्रंकेत साड्यांच्या घडीत पालथा पडून होता.

"विमान तर विमान," ती म्हणाली, "भिंत माझी असली म्हणजे झालं."

आमच्या इमारतीशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर विमान स्थानापन्न झाले. पुढे बैठक, मागे झोपायची सोय, कॉकपिटमध्ये मामाचे वर्तमानपत्र. खरे तर सगळ्या सीट काढून टाकायला हव्या होत्या. पण स्वतः शिवलेल्या सीटवर पाना चालवायला मामाचा हात धजेना. त्या तशाच राहिल्या. कात्री कुठे आहे असे विचारले की मामी सीटचा नंबर सांगायची. आमच्या इमारतीतले लोक गॅलरीत उभे राहून हसायचे. मीही हसायचो, भाचा असल्यामुळे जरा मागे उभा राहून.

मग बांधकाम निरीक्षक आले. घर जमिनीला धरून असते, हे चाकांवर आहे, सबब हे घर नव्हे, असा निर्वाळा त्यांनी दिला. मामाने चाके काढली. पुढच्या खेपेस निरीक्षकांबरोबर विमान खात्याच्या बाई होत्या. चाकांवाचून पोटावर टेकलेले विमान म्हणजे अपघात, असे त्या म्हणाल्या. दगावलेले किती, हेही त्यांनी विचारले. कोणीच नाही, हे ऐकून त्यांचा चेहरा किंचित पडला. मामी तेव्हा दूध तापवत होती. अपघातस्थळी ज्वाळा दिसल्यामुळे अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आले आणि दूध विझवण्यात आले.

मामाने चाके पुन्हा बसवली. बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी तोडगा काढला.

"सीट आहेत, पट्टे आहेत, माणसं आत बसलीत. म्हणजे तुम्ही प्रवासी. फ्लाइट लेट आहे, असं धरू."

"किती लेट?" मामाने विचारले.

"ते कुठल्या फ्लाइटमध्ये सांगतात?"

अशा रीतीने मामा-मामींचे वास्तव्य नियमित झाले. अट एकच. विलंबाची घोषणा रोज करायची आणि प्रवाशांची क्षमा मागायची. मामा रोज सकाळी कॉकपिटमधून मामीची क्षमा मागू लागला. त्यांच्या संसारात हे प्रथमच घडत होते. मामी चहा बाजूला ठेवून घोषणा ऐकायची.

सगळे मार्गी लागलेसे वाटून तिने एक दिवस ट्रंकेतून फोटो काढला आणि हातोडी उगारली. मी फोटो धरायला गेलो होतो. बाई आणि निरीक्षक नेमके पाहणीला आले होते. बाईंनी तिचा हात धरला. विमानाला भोक पडले की ते उड्डाणास अपात्र ठरते. अपात्र विमानाची फ्लाइट लेट राहू शकत नाही, ती रद्द होते. रद्द झाली की प्रवाशांनी खाली उतरायचे.

"म्हणजे खिळा ठोकला की घर गेलं?"

"घर नाही, मावशी. फ्लाइट."

मामी हातोडी मांडीवर घेऊन बसली. "अहो," ती मामाला म्हणाली, "निदान आधीचे घरमालक खाली उतरा म्हणत नव्हते. सामान उचला म्हणायचे."

मामाने त्या दिवशी दोनदा क्षमा मागितली.

अवघडून निरीक्षकांनी खिडकीबाहेर नजर वळवली. समोरच्या गॅलऱ्या हसत होत्या. ही इमारत कोणाची, असे त्यांनी विचारले. आमचीच, असे मी अभिमानाने सांगितले. तेवढ्यावरून चौकशी झाली. आमच्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला कधी मिळालाच नव्हता. इथे जन्मलेली मुले पदवीधर झाली, पण दप्तरी बांधकाम अजून चालूच होते. बांधकाम चालू असलेल्या जागी फक्त मजुरांना राहता येते. सबब आम्ही मजूर ठरलो. घरोघरी पिवळी हेल्मेटे आली. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश आता कपडे वाळत घालायलाही हेल्मेट घालून जातात.

हेल्मेटे आली त्याच संध्याकाळी मामी ट्रंक घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"तू मजूर ना?"

"कागदोपत्री."

"मग तुमच्याकडे ठोकाठोक चालत असेल."

नुसती चालत नव्हती, तर ती बंधनकारक होती. मामीने माझे हेल्मेट डोक्यावर चढवले आणि एका दमात खिळा ठोकला. माझ्या हॉलमध्ये आता तिच्या आईवडिलांचा फोटो आहे. ती रोज येते, समोर बसून बघते आणि फ्लाइट चुकायला नको म्हणून लगबगीने परत जाते.

आपण हे घरी बसून वाचत असाल. समोरच्या भिंतीवर काहीतरी टांगलेलेही असेल. आपल्या इमारतीचा दाखला पाहिला आहे का, हे मी विचारणार नाही. फक्त हसायचे असेल तर गॅलरीत येऊन हसू नका.