बसलिंगआप्पांची परतीची गाडी

कुठेही गेलं की बसलिंगआप्पा चप्पल काढायच्या आधी विचारायचे, "परतीची गाडी कवा हाय?" लग्न असो, बारसं असो, नाहीतर मयत. एकदा जिंतूरला एका घरी आम्ही भेटायला गेलो होतो. घरातला कर्ता माणूस गेला होता. आप्पांनी दारातच आपला प्रश्न टाकला आणि त्या बिचाऱ्या मुलाने हुंदका आवरून सांगितलं, "अर्ध्या घंट्यानं हाय, आप्पा."

आप्पांचं बोरीत मिरची-हळदीचं दुकान. पुढे दुकान, मागे घर आणि दोन्हीकडे मिरचीचा खकाणा. मी शाळेत मास्तर, राहायला त्यांच्या भिंतीला भिंत लावून. त्यामुळे शेजारधर्म म्हणून मीही शिंकायचो. आप्पांना मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि काकू. काकूंना दमा होता. गावाला ते ठाऊक होतं, पण दुखणं जुनं झालं की खोकल्याकडे कोण कान देतो?

येलदरीचं धरण बघायला गेलो, तेव्हा सगळे पाणी बघत होते आणि आप्पा रिकाम्या एसटीत बसून होते.

"खाली उतरा की, आप्पा."

"गाडी निघून जाईल."

"अहो, ड्रायव्हर तिकडं भजी खातोय!"

"त्याचा काय भरवसा?" आप्पा म्हणाले.

असा माणूस सिमल्याला आला तो माझ्या बायकोमुळे. पंचाहत्तर-शहात्तरचा उन्हाळा असेल. तिचा भाऊ तिथे नोकरीला होता. तिने काकूंना "चला" म्हटलं आणि काकू चक्क "येते" म्हणाल्या. त्यांना एकटं कसं पाठवायचं, म्हणून आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा दुकानाला इतक्या दिवसांची सुट्टी दिली.

पूर्ण्याला गाडीत बसल्यापासून या गृहस्थाने पाठ टेकली नाही. खंडवा आलं, उतरले. दिल्ली आली, चौकशी करून आले. कालक्यापुढे छोटी गाडी डोंगर चढायला लागली, तशी त्यांना नवीन काळजी लागली. "गुरुजी, ही लय दमानं चाललीय. उतरताना तरी पळती का?" मला तर वाटलं, या माणसाला पहिल्याच बोगद्यात सोडून द्यावं.

मेहुण्याने मोठ्या हौसेने गाव दाखवलं. इंग्रजांचं चर्च, त्यांच्या कचेऱ्या, लाटसाहेबाची दगडी हवेली. चारी बाजूंना डोंगरभर पाइनची झाडं. मेहुणा सांगत होता, "उन्हाळा आला की दिल्लीचं सगळं सरकार इथं यायचं." आप्पा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत ऐकत होते. म्हणाले, "परत गेलंच की शेवटी!"

तिसऱ्या दिवशी दुपारी बायका जंगलात फिरायला गेल्या. थोड्या वेळाने आप्पा माझ्यामागे लागले. "चला, बोलावून आणू. सामान बांधाया नको का?" निघायला अजून दोन दिवस होते. तरी मी निघालो. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा चाललेलं बरं. सुयांसारख्या वाळक्या पानांवरून पाय घसरत होता. आप्पा दोनदा पडले आणि दोन्ही वेळा झाडावर खेकसले.

पुढे माझी बायको तोंडावर बोट ठेवून बसली होती. शेजारी काकू झोपल्या होत्या. पाठीवर, पाय पसरून, डोळ्यांवर पदर घेऊन.

आप्पा जागच्या जागी थांबले. मग हळूच खाली बसले. त्यांचा सतत हलणारा गुडघा मी पहिल्यांदाच शांत पाहिला.

"गुरुजी," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "आडवी झोपली वो."

मला कळेना.

"घरी भिंतीला टेकून झोपती. आडवी झाली की दम कोंडतो. किती वर्सं झाली! मी कुठं बी गेलो तरी जीव तिकडंच असतो बगा. एकटी हाय, धाप लागली तर पाणी कोण देईल?" ते काकूंकडे बघत राहिले. "आन् ते मिरचीनंच झालं. माझ्याच."



संध्याकाळी आप्पा घरात नव्हते. मला वाटलं, गेले असतील तिकिटाच्या खिडकीवर. तिथे नव्हते. शेवटी बाजारात सापडले. लाकडी काठ्या आणि खेळणी विकणाऱ्या एका दुकानात, टोपी हातात घेऊन उभे होते.

"सेठ, दुकान में आदमी होना क्या? झाडू मारतूं, माल उठातूं. पगार जो देंगे सो."

बोरीत गल्ल्यावरून न उठणारे आप्पा! दुकानदार हसला आणि म्हणाला, "बाबा, इस उमर में?" आप्पाही हसल्यासारखं करून खाली उतरले. मला बघून जरा ओशाळले.

मी म्हणालो, "आप्पा, काम तुमच्या ओळखीचं बघा तरी. पलीकडं किराणा दुकान आहे, तिथं विचारू."

"किराणा नको. तितं मिरची असती. कपड्याला वास येईल, मी घरी जाईन..." त्यांनी टोपी झटकली. "तिला सांगू नका. ती म्हणंल, मला हितं करमत न्हाई. खोटं बोलंल ती."

लोकरीच्या शालींचं एक दुकान उघडं होतं. आप्पा त्याची पायरी चढले आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, "सेठ, दुकान में आदमी होना क्या?"