डी.ओ. म्हणजे काय, हे फादरना ठाऊक होतं

“शॉर्ट फॉर्म वापरायचे नाहीत हं ताई. जे काय असेल ते पूर्ण लिहायचं!”

कॉलेजच्या ऑफिसातल्या मुलीने फोनवर बजावलेलं हे वाक्य ॲंजेला तुस्कानोने इतकं मनावर घेतलं, की अर्जात तिने ‘मु. पो. होळी’चंसुद्धा ‘मुक्काम पोस्ट होळी’ केलं. अर्ज कसा, सणाच्या दिवशी वेदीवर अंथरतात त्या इस्त्रीच्या कापडासारखा! “आता मला कोण नाही म्हणतंय!” ती नवऱ्याला, मेलरॉयला म्हणाली. आवाज मुळातच इतका मऊ, की तिची बढाईसुद्धा प्रार्थनेसारखी ऐकू यायची.

वय सदतीस. अंधेरीच्या एका कुरियर कंपनीत चौदा वर्षं बिलं टाइप करून तिची मान अशी धरली होती, की शेजारणीने हाक मारली तर अख्खी ॲंजेला फिरवावी लागे, कपाट सरकवल्यासारखी. मग एका बाई डॉक्टरांनी गोळी नाही, सुई नाही, नुसत्या हातांनी ती मान मोकळी केली. ही विद्या म्हणजे ऑस्टिओपॅथी. ॲंजेलाने ठरवलं, हेच शिकायचं! सहा महिने दर शनिवारी त्या बाईंच्या दवाखान्यात उभं राहून तिने काम पाहिलं. ही विद्या शिकवणाऱ्या घाटावरच्या एका कॉलेजात, नोकरी सोडून येणाऱ्यांसाठी चार जागा होत्या. अर्ज भरायच्या आधीच तिने राजीनामा देऊन टाकला.

“अगं, आधी प्रवेश तरी मिळू दे!” मेलरॉय ओरडला.

“मिळणारच. रोज पहाटे उठून रोझरी कशासाठी म्हणतेय मी?”

उरलं होतं एकच, गावातल्या मानाच्या माणसाचं शिफारसपत्र. रविवारी मिस्सा संपल्यावर तिने फादर ॲन्सेल्मना गाठलं. शेजारीच गायनमंडळाचा सराव चाललेला, त्यात हिचा तो आवाज. ‘ऑस्टिओपॅथी’ हा शब्द दोनदा ऑर्गनखाली चिरडला गेला, तेव्हा तिने पदवीचा शॉर्ट फॉर्म वापरून आटोपतं घेतलं.

“फादर, मला डी.ओ. व्हायचंय!”

“डी.ओ.? अगं, माझा थोरला भाऊ तीस वर्षं डी.ओ. होता! मला काय सांगतेस?”

ॲंजेलाने मनातल्या मनात क्रूस केला. देव कुठे कुठे ओळखी काढून ठेवतो!

“काम सोपं नाही हं,” फादर म्हणाले. “माणूस नीट पकडावा लागतो.”

“हो फादर, पकडीवरच सगळं आहे.”

“आणि एकदा पकडला की सोडायचा नाही!”

“सोडायचा फादर, पण हळूहळू. नाहीतर दुखतं त्याला.”

“वा! मान डोलवेपर्यंत मागे लागायचं.”

“मानेपासूनच तर सुरुवात!”

“शाब्बास! ट्रेनिंगच्या कॉलेजचा पत्ता दे. पत्र मीच लिहितो आणि पाकीट बंद करून धाडतो.”

पंधरा दिवसांनी मुलाखत आली, व्हिडिओवर. लॅपटॉप पिठाच्या डब्यावर, पडद्यावर तीन परीक्षक, मधोमध प्राचार्य ज्ञानदा प्रधान. पहिली पाच उत्तरं ॲंजेलाने अशी दिली, की दाराआड उभ्या मेलरॉयची छाती फुगली. मग प्रधानबाईंनी फादरचं पत्र उघडलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

“‘ॲंजेलाबाई गोड बोलून कुणालाही पटवतील. आपल्या मृत्यूनंतर कुटुंबाला काय मिळणार, हे त्या इतकं सुंदर सांगतील की ऐकणारा आनंदाने तयार होईल. आमच्या गावातली सत्तर माणसं त्यांच्या हाती सोपवायला आम्ही उत्सुक आहोत. वर्षाचं टार्गेट त्या नक्की पूर्ण करतील.’”

एका परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पत्र तेच होतं!

“बाई,” प्रधानबाई सावकाश म्हणाल्या, “ऐकणारा नक्की कशाला तयार होतो?”

ॲंजेलाने मनाशी मोजलं. नोकरी सोडलेली, जागा चार, आणि सत्तर माणसं मरायला तयार! तेवढ्यात दाराआडून मेलरॉय किंचाळला, “अगं, विमा! विमा कंपनीतला डी.ओ.! डेव्हलपमेंट ऑफिसर! फादरचा भाऊ विम्यात होता!”

खोटं बोलणं तिला जमतच नसे. ऑर्गनपासून पकडीपर्यंत सगळं तिने सांगून टाकलं. परीक्षक इतके हसले की एकाचा कॅमेराच छताकडे वळला.

“आणि तुम्हाला खरंच का यायचंय इथे?” प्रधानबाईंनी डोळे पुसत विचारलं.

“मॅडम, तीन महिने मला मागे वळून बघता येत नव्हतं. ज्या दिवशी मान वळली, त्या दिवशी पाठीमागून येणारी माझी आईच मला आधी दिसली. असं कुणाला तरी माझ्या हातून दिसावं, एवढंच.”

प्रधानबाईंनी पत्राची घडी घालून ते तिच्या अर्जात ठेवलं.

आठवड्याने प्रधानबाईंचा फोन आला. “प्रवेश दिलाय. पण एक वचन द्या. पत्र चुकलं होतं, हे फादरना कधी कळू द्यायचं नाही. फार मनापासून लिहिलंय हो त्यांनी.”

“नाही कळू देणार, मॅडम!”

पेढे घेऊन ती थेट फादरकडे गेली. ते कुंड्यांना पाणी घालत होते.

“काय गं, पत्र कामी आलं की नाही?”

“तुमच्या पत्रामुळेच सगळं जुळून आलं, फादर.” यात कणभरही खोटं नव्हतं.

“मग पहिली पॉलिसी माझी!”

ॲंजेला चाचरली. “फादर, माझं काम जरा... हाडांचं आहे. सांध्यांचं.”

“म्हणजे अपघात विमा! तोच हवाय मला! या वयात पाय घसरला म्हणजे? फॉर्म कधी आणतेस?”

प्रधानबाईंना दिलेलं वचन तिला आठवलं.

“आजच आणते, फादर.”

होळीच्या नाक्यावर बस आली, आणि भावी डॉक्टर ॲंजेला तुस्कानो विमा कचेरीच्या स्टॉपचं तिकीट काढून खिडकीशी जाऊन बसली.