तांगीची कोरडी पोळी

या, जवळ सरका, सतरंजी मोठी आहे. दत्तजयंतीला इथं परदेशात, चोआ चू कांग वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये काय घडलं ते ऐकाच.

कोणतंही नाव द्या, त्यातून मी देव काढून दाखवतो. कीर्तन करणाऱ्याला एवढं यायलाच हवं. म्हणून तर आमच्या ओळखीतली निहारिका माझ्याकडे आली. ती बुओना व्हिस्टा भागातल्या एका संस्थेत संशोधन करते, आणि तिथंच काम करणाऱ्या तांगीशी तिला लग्न करायचंय. मुलगा फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातला.

"काका, बाबा पुण्याहून आलेत. म्हणतात, ज्याच्या नावाला अर्थ नाही त्याला मुलगी देणार नाही. तुम्ही कीर्तनातच सांगा ना अर्थ."

"निर्धास्त राहा," मी म्हणालो. तांगीला आधी विचारून ठेवावं, असं काही मला सुचलं नाही.

कीर्तन रंगलं. पहिल्या रांगेत तिचे वडील, मनोहरराव. मी तांगीला उभं केलं. "सांग बाळा, तुझ्या नावाचा अर्थ."

"आमच्याकडच्या ब्रेटन भाषेतले दोन शब्द," तो निहारिकानं पढवलेल्या मराठीत म्हणाला. "तान म्हणजे अग्नी."

मी तिथंच सूर पकडला. यज्ञातला अग्नी, पोटातला अग्नी, लग्नाचा साक्षीदार अग्नी! मनोहरराव डोलू लागले.

"आणि दुसरा शब्द?"

"की. म्हणजे कुत्रा."

झांजा थांबल्या.

"जुन्या काळी शूर योद्ध्याला मानानं तसं म्हणत," तांगीनं घाईघाईनं सांगितलं. पण मनोहरराव उठून स्वयंपाकघरात गेले होते.

मी घाम पुसला. कुत्र्यानं कोरडी पोळी पळवली म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावलेल्या संतांची कथा लावली. 'देवा, कोरडी खाऊ नकोस' ही हाक तर स्वयंपाकघरापर्यंत पोचेल अशी दिली.

प्रसादाची पंगत बसली. तांगी पोळी मोडणार, तोच मनोहरराव बाहेर आले. डोळे लाल, हातात वाटी, चाल थेट त्याच्याकडे. आता ही वाटी आपल्या डोक्यात बसणार, असं तांगीला वाटलं. तो पोळीसकट दाराबाहेर पळाला. मनोहरराव धोतर सावरत मागे.

"अहो थांबा! कोरडी खाऊ नका, जावईबापू!"

शेजारच्या चिनी आँटींनी दार उघडलं. "अंकल, व्हॉट रन अवे? युअर कॅट आह?"

"सन-इन-लॉ," मनोहरराव न थांबता म्हणाले.

लिफ्ट यायला उशीर झाला, म्हणून तांगी सापडला, पोळीवर तूप पडलं आणि हे लग्न जमलं. माझ्या कीर्तनाला श्रेय कुणी देत नाही, सगळे लिफ्टलाच देतात.

असो. पोळीवर तूप पडलं की आमच्या तांगीची आठवण काढा. त्याला तूप सोसत नाही, त्याच्या गावी खारं लोणी लागतं. पण सासऱ्यांनी वाढलेलं तो अजून मुकाट्यानं खातो.