शांतता क्षेत्रातली बोंब

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही निकिता आहात. तुमची आजी कुसाबाई इंदिरानगरच्या बाजारात शेवंती विकते आणि बाजारातला एकुलता एक नळ कोरडा पडला आहे. पाणी मारलं नाही तर शेवंती दुपारीच मान टाकते. त्यात दसरा तोंडावर आलेला.

नळ सुरू व्हावा म्हणून फूलवाल्यांनी विभागीय कार्यालयासमोर बोंबाबोंब आंदोलन करायचं ठरवलं आणि रीतसर परवानगी मागितली.

तिथले साहेब अभ्यासू होते. त्यांनी विचारलं, बोंब नेमकी कोणती? होळीची असेल तर ती धार्मिक. तिला परवानगी लागत नाही, पण ती फाल्गुनातच मारावी. पाण्याची असेल तर ती टंचाई, आणि टंचाई उन्हाळ्याशिवाय जाहीर होत नाही. एखाद्याच्या नावाने असेल तर ती बदनामी.

"तोंडावर उलटा हात ठेवून मारत्यात ती, साहेब," कुसाबाई म्हणाली. "आमाला तेवढीच येती."

साहेबांनी ती मंजूर केली. फक्त एक अडचण होती. कार्यालयाशेजारी रुग्णालय होणार होतं. पाया अजून खणला नव्हता, पण शांतता क्षेत्राचा फलक वेळेत लागला होता. सबब, बोंब आवाज न करता मारावी.

बिनआवाजी बोंबेला सराव लागतो. फूलवाल्यांनी तो केला. ठरल्या दिवशी सगळे रांगेत उभे राहिले आणि श्वास रोखून तोंडावर हात आपटू लागले. समोरच्या इमारतींतल्या शिकल्यासवरल्या मंडळींनी खिडक्यांतून मोबाइलवर चित्रण केलं. आंदोलन असावं तर असं, असं त्यांचं मत पडलं. साहेब बाहेर आले, त्यांनी कान देऊन ऐकलं आणि समाधानाने जाहीर केलं, "एकही तक्रार ऐकू आली नाही. नळाचा विषय मिटला."

"मिटला कसा? फुलं सुकली की," कुसाबाई पुटपुटली आणि आवाज झाला म्हणून स्वतःच दचकली.

निकिताने आजीच्या पाटीत पाहिलं. शेवंती मलूल पडली होती. तिने उलटा हात तोंडावर नेला आणि खणखणीत बोंब ठोकली.

साहेबांनी तोंड उघडायच्या आत वरच्या खिडक्यांतून "श्श्ऽ, श्श्ऽ" सुरू झालं. "त्या पोरीला आवरा हो कुणीतरी," एक बाई वाकून म्हणाल्या, "किती छान चाललं होतं." मग खिडक्या एकेक करून बंद होऊ लागल्या. तुमच्या-आमच्या घरांना असतात तशाच त्या खिडक्या.

निकिताने साहेबांकडे पाठ केली, मान वर केली आणि दुसरी बोंब खिडक्यांकडे तोंड करून मारली.