लिफ्टचा खुला कारभार

देशाचा कारभार सुधारायचा असेल ना, तर तो आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे द्या! जगभरचे अनोळखी लोक मिळून आम्ही मोठमोठे प्रोग्राम बनवतो. सगळं उघड्यावर. कुणीही दुरुस्ती सुचवावी, दोघांनी होकार दिला की लागू. नाही पटलं? अख्ख्या प्रोग्रामची प्रत घ्या आणि वेगळी चूल मांडा!

सुरुवात मी आमच्या इमारतीपासून केली. लिफ्ट बंद पडली होती आणि गुडघ्यांमुळे आई पाचव्या मजल्यावर अडकली होती. बिचारी दिवसभर गॅलरीतून रस्त्याकडे बघत बसायची. मला फार वाईट वाटायचं. सोसायटीचे अध्यक्ष नुसतेच "बघू, बघू" करायचे. शेवटी मी सभा गाजवली आणि माझी पद्धत मंजूर करून घेतली.

"आई, आठवड्यात लिफ्ट सुरू!"

"कशी?"

"लोकसहभागातून!"

"त्यापेक्षा लिफ्टवाल्याला फोन केलास तर?"

आईला पद्धत कळत नाही, त्याला मी काय करणार!

पहिली सूचना डेंटिस्टची आली: लिफ्ट आतून पांढरी हवी. वकीलकाकूंनी दुरुस्ती सुचवली: फिकट निळी. मग रंगावरून अशी काही जुंपली की लिफ्ट मुळात बंद आहे हेच सगळे विसरले! मी मात्र खूश. केवढा हा सहभाग!

तेवढ्यात तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "आम्हाला लिफ्ट लागतच नाही. आम्ही प्रत घेतो." आणि तळमजल्याने नियमांची प्रत घेऊन चक्क वेगळी सोसायटी काढली!

"हा तर पद्धतीचा विजय!" मी टाळ्या वाजवल्या.

"अहो विजयराव, पाण्याचा पंप त्यांच्या हद्दीत आहे," बायको म्हणाली.

संध्याकाळी आमचे नळ कोरडे! बादली घेऊन खाली निघालो, तर जिन्यात आईची वरात. खालच्या सोसायटीचे दोन धट्टेकट्टे सभासद तिला खुर्चीत बसवून उतरवत होते.

"आई, निघालीस कुठे?"

"प्रत घेतली रे, तुझ्याच नियमाने! बाईंकडे एक खोली रिकामी आहे. पाणी आहे, अंगण आहे, गप्पांना माणसं आहेत."

आता खालच्या सोसायटीत मीही अर्ज केलाय. पद्धत तिथे अगदी झकास चालते हो! दोघांचा होकार लागतो. बाईंनी लगेच दिला. दुसरा आईचा हवा होता. तिने दुरुस्ती सुचवून अर्ज परत पाठवला:

"आधी लिफ्टवाल्याला फोन कर."